गावातल्या खोलीत लॅपटॉपचं ऑफिस: आधी वीज, मग नेट, शेवटी दोन स्क्रीन

मी औशात राहते. घरांचे नकाशे आणि बांधकामाची एस्टिमेट करून देणं हे माझं काम. एका स्क्रीनवर नकाशा, दुसरीवर दरसूची आणि एक्सेलचा तक्ता, असं मांडल्याशिवाय माझा हात चालत नाही. कॉम्प्युटर मात्र एकच आहे, लॅपटॉप. आठवड्यातले दोन-तीन दिवस साइटवर नाहीतर लातूरला जातात, आणि काम सोबत न्यावं लागतं.

पुण्या-हैदराबादची नोकरी गावी बसून करणारी मुलंमुली आता आसपास बरीच झाली आहेत. त्यांचे फोन येतात. "ताई, नवा मॉनिटर जोडला, पण काहीच दिसना झालंय." "मीटिंग चालू असली की नेट जायलंय." जाऊन बघावं तर लॅपटॉप धड असतो, मॉनिटरही धड असतो. दोष सापडतो भिंतीतल्या सॉकेटमध्ये नाहीतर एखाद्या तारेत. म्हणून नव्यानं मांडणाऱ्याला मी एकच क्रम सांगते: आधी वीज, मग नेट, स्क्रीन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोबर उलटं करतात, कारण मॉनिटर दुकानात डोळ्यांना दिसतो आणि अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणारी तार-पट्टी, जमिनीखाली असतं.

पहिली पायरी: टेबल लावण्याआधी वायरमन बोलवा

तीन पिनांचा चार्जर लावूनही लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर त्या सॉकेटचं अर्थिंग नाही असं समजा. जुन्या वाड्यांत आणि माळवदाच्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागे तार नसते. वायरमनला मल्टिमीटर घेऊन यायला सांगा आणि तीन मापं घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा मोठा आला किंवा दुसरा फारच कमी आला, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. हे माप स्वतः घेऊ नका.

आपल्याकडे यात एक जास्तीची गोष्ट आहे. काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती वाळली की वीज जमिनीत उतरायला वाट राहत नाही. जानेवारीत चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होतं ते यामुळे. होळी झाली की पहिला पाऊस पडेपर्यंत मी आमच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतते. पाण्याची टंचाई असते हे मला माहीत आहे, भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

अर्थिंगचा स्क्रीनशी काय संबंध, असं विचारतात. लॅपटॉप एका सॉकेटवर, मॉनिटर दुसऱ्या, आणि दोन्हींचं अर्थिंग सारखं नसेल, तर एचडीएमआयची, म्हणजे मॉनिटरला चित्र नेणारी, वायर जोडताना दोघांमधला फरक त्या वायरीतून वाहतो. पोर्ट जळतो, आणि लॅपटॉपचा पोर्ट जळणं म्हणजे मदरबोर्डचं काम. म्हणून दोन्ही एकाच बोर्डावर लावा, आणि वायर जोडताना मॉनिटर बंद ठेवा.

आता इन्व्हर्टर. घरातल्या बहुतेक इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं. नॉर्मलवर असताना लाइट गेली की बॅटरीवर यायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, राउटर मात्र तेवढ्यात बंद होऊन परत सुरू होतो आणि नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. यूपीएसवर ठेवलं तर हा त्रास जातो. पण यूपीएस मोडला व्होल्टेज साधारण १८० च्या वर लागतं. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की तुमच्याकडे व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल, तर लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीच खात बसेल आणि खरी लाइट जाईल तेव्हा बॅटरी रिकामी असेल. अशा ठिकाणी इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्या आणि राउटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस (फक्त राउटरपुरता बॅटरीचा डबा) घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट बघा. बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९. चुकीचा लावला तर राउटर जातो.

किती वेळ चालेल याचा हिशेब साधा आहे. लॅपटॉप ६५ वॅट, २४ इंची दोन मॉनिटर मिळून ५० च्या आसपास, राउटर १०. एकूण १२५ वॅट. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, पण वापरलेल्या बॅटरीतून आणि इन्व्हर्टरच्या घटीतून १,००० च्या आसपासच हाताशी धरा. म्हणजे आठ तास. त्यात एक पंखा घातला, आणि मे महिन्यात तो घालावाच लागतो, तर पाच.

आणि वळीव. एप्रिल-मे-जूनच्या दुपारी ढग गडगडायला लागले की प्लग काढा. फक्त चार्जरचा नाही, नेटची तांब्याची तारही लॅपटॉपमधून काढा. वीज जवळपास पडली तर तिचा झटका त्या तारेतूनही येतो.

दुसरी पायरी: नेट घरात कुठून कुठे जातं ते ओळखा

लातूरची गंजगोलाई आठवा. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात आणि कुठल्याही रस्त्यानं आलेला माणूस गोलाईला वळसा घालून हव्या त्या रस्त्याला लागतो. घरातला राउटर म्हणजे ही गोलाई. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, टीव्ही हे सगळे तिला येऊन मिळणारे रस्ते, आणि त्यातला एक रस्ता गावाबाहेर, म्हणजे इंटरनेटकडे जातो. प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो. तो सहसा १९२.१६८ नं सुरू होतो, आणि राउटरचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की राउटरचं पान उघडतं. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका, मराठी आकडे तिथं चालत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या पानाचा पासवर्ड बदला. बसवणाऱ्यानं सगळ्या गल्लीत एकच ठेवलेला असतो.

फायबर घेतली असेल तर भिंतीवर येणारी बारीक तार काचेची आहे हे लक्षात ठेवा. विजेच्या वायरीसारखी ती खिळ्याला गुंडाळता येत नाही. वळण वाटीच्या तोंडापेक्षा लहान झालं की आतला प्रकाश बाहेर सांडतो. ही तार ज्या डब्यात जाते त्यावरचा 'लॉस' (एल-ओ-एस) नावाचा दिवा लाल झाला तर दोष त्या तारेत आहे, राउटर बंद-चालू करून तो जाणार नाही. तक्रारच नोंदवा.

काम करायची खोली शक्य असेल तर तारेनं जोडा. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड, दोन-दोन हात जाडीच्या, दगड-मातीच्या. उन्हाळ्यात त्या सुख देतात, वाय-फाय मात्र त्यांच्यात मुरतं. पत्र्याच्या खोलीत तर पत्राच आडवा येतो. मोबाइलवर वाय-फायच्या दोन रेघा दिसतात, व्हॉट्सॲप चालतं, आणि मीटिंगमध्ये मात्र आवाज तुटतो.

तार घेताना कॅट ६ (नेटच्या तारेचा एक प्रकार) घ्या, आणि ती शुद्ध तांब्याची आहे का ते बघा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्तात मिळते. ब्लेडनं एक बारीक तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत द्या. माझ्या आधीच्या घरी अशीच तार भिंतीत टाकून दिली होती. दोन वर्षांत ती टोकाशी तुटत गेली आणि शेवटी गिलावा फोडावा लागला. विजेच्या वायरीच्या पाइपातून ही तार नेऊ नका, वेगळा पाइप टाका. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत चालते.

टोकाचा जॅक स्वतः बसवणार असाल तर क्लिप खालच्या बाजूला आणि तार आपल्याकडे धरून डावीकडून हा क्रम: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. मग लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडून लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर आठही तारा लागल्या. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही १००० चे असूनही १०० च दिसत असेल, तर एखादी तार नीट बसली नाही. १०० वर फक्त चार तारांत काम भागतं, म्हणून नेट चालतं आणि दोष लपून राहतो. नव्या पातळ लॅपटॉपांना तारेच्या नेटचा पोर्टच नसतो. यूएसबीचा अडॅप्टर घेताना 'गिगाबिट' (म्हणजे १०००) लिहिलेलं बघून घ्या.

शेतातल्या आखाड्यापर्यंत नेट न्यायचं असेल तर तांब्याची तार उघड्यावरून ओढू नका. अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी नको, वर सांगितलेला आभाळातल्या विजेचा धोका आहेच. फायबरची तार आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार यांना जोडणारे डबे), हा खर्च एकदाच होतो. काचेतून वीज येत नाही.

प्रत्येक उपकरणापर्यंत वेगळी तार नेणं जमत नसलेल्या भागासाठी, म्हणा माडीवर, दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथं वाय-फाय देण्यापुरता, लावता येतो. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश सांगते. दुसरा राउटर आधी मुख्य राउटरला जोडूच नका. तो फक्त लॅपटॉपला तारेनं जोडा, त्याचं पान उघडा, आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर १९२.१६८.०.२. मग नव्या पत्त्यावर तेच पान उघडून डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, आणि ते घरात एकाच राउटरनं करायचं असतं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाका. त्यानंतर माडीपर्यंत एकच तार नेऊन मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायचा पोर्ट) दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये जोडा. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायचा, रिकामा ठेवा. दोन्ही राउटर पत्ते वाटत राहिले तर प्रिंटर एका घरात आणि लॅपटॉप दुसऱ्या घरात गेल्यासारखं होतं, एकमेकांना दिसतच नाहीत.

नेट गेल्यावर दोष शोधायला तीन प्रश्न पुरतात. स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडा. पिंग (पी-आय-एन-जी) लिहून जागा सोडून राउटरचा पत्ता द्या. उत्तर आलं नाही तर दोष तुमच्या तारेत किंवा वाय-फायमध्ये. आलं तर ८.८.८.८ ला पिंग करा, हा गुगलचा कायम जागा असलेला पत्ता आहे. तिथून उत्तर नाही तर दोष घराबाहेर, कंपनीला फोन करा. तिथूनही उत्तर येतंय आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. राउटर किंवा लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी तेच ८.८.८.८ टाकून बघा. आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं त्याला पत्ताच दिलेला नाही.

मोबाइलचं नेट जोडीला ठेवा. बालाघाटाच्या डोंगराखाली खोलगटात बसलेल्या गावांत खाली रेंज नसते आणि गच्चीवर असते. मोबाइल वाय-फाय हॉटस्पॉटवर ठेवण्यापेक्षा चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करा. जोडणी पक्की राहते आणि मोबाइल चार्जही होतो. विंडोजला ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून सांगून ठेवा, नाहीतर अपडेट तुमचा दिवसाचा डेटा तासाभरात संपवतील.

तिसरी पायरी: आता मॉनिटर, पण आधी लॅपटॉपची कड बघा

दुकानात जाण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या पानावर त्याचे पोर्ट वाचा. एचडीएमआय एक असतो, त्यावर एक मॉनिटर लागतो, हे सरळ आहे. फसवणूक होते ती यूएसबी-सीमध्ये. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकातून चित्र जात नाही. पोर्टजवळ छोटी वीज कोरलेली असेल तर थंडरबोल्ट, त्यातून जातं. डी आणि पी जोडलेली खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, त्यातूनही जातं. नुसती यूएसबीची खूण असेल तर कंपनीच्या पानावर 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लिहिलंय का ते शोधा. नसेल तर नेहमीचा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) कितीही महागडा आणला तरी त्यावरून मॉनिटर चालणार नाही.

तसा पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर लावता येतो. तो साध्या यूएसबीवर चालतो, ड्रायव्हर टाकावा लागतो, आणि चित्र तयार करायचं काम प्रोसेसरवर पडतं. एक्सेल, टॅली, ब्राउझर यांना ठीक. व्हिडिओ एडिटिंगला नको.

मॅकबुकवाल्यांनी जास्त जपून. एम-१ आणि एम-२ च्या साध्या चिपवरचे मॅकबुक एअर एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. आणि दोन एचडीएमआय असलेले स्वस्त हब मॅकला लावले की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं, कारण ते हब ज्या पद्धतीवर चालतात ती मॅक वापरत नाही. विंडोजवर तोच हब दोन वेगळी चित्रं दाखवतो.

वायरींना दिशा असते. एचडीएमआयमधून जुन्या व्हीजीए मॉनिटरकडे नेणारा अडॅप्टर उलटा लावून चालत नाही, डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआयची वायरही सहसा एकाच दिशेची. कुठून कुठे जायचंय ते दुकानदाराला सांगा. आणि फोर-के मॉनिटर घेऊन माउस अडखळत सरकतोय असं वाटलं, तर हब किंवा वायर जुन्या एचडीएमआय १.४ ची असेल. ती फोर-के सेकंदाला ३० वेळाच दाखवते, ६० साठी २.० लागतं. माझं मत विचाराल तर कागदपत्रं, नकाशे, हिशेब यांसाठी २४ इंची साधे फुल एचडी मॉनिटर पुरे आहेत.

जोडल्यावर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात, त्यातला एक्स्टेंड घ्या. डुप्लिकेटवर दोन्हीकडे एकच दिसतं. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. तिथं आयडेंटिफाय दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर नंबर येतो, आणि टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ते चौकोन माउसनं ओढून लावा. हे न केल्यामुळे माउस डावीकडे न्यावा आणि तो उजवीकडून निघावा असं होतं, आणि नवखे घाबरतात. ज्यावर सर्वांत जास्त काम त्याला मेन डिस्प्ले करा. १५ इंची लॅपटॉपला अक्षरांचं प्रमाण १२५ टक्के आणि २४ इंचीला १०० ठेवलं तर दोन्हीकडे मजकूर जवळपास सारख्या आकाराचा दिसतो.

एखादी खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर न्यायला विंडोज, शिफ्ट आणि बाण. काढून टाकलेल्या मॉनिटरवर अडकून राहिलेली खिडकीही याच युक्तीनं परत येते. टेबलावर लॅपटॉप बंद करून फक्त मॉनिटर वापरायचे असतील तर पॉवरच्या सेटिंगमध्ये 'झाकण बंद केल्यावर काहीच करू नको' असं निवडा. बॅगेत टाकताना मात्र आठवणीनं शटडाउन करा, नाहीतर बंद बॅगेत तो तापत राहतो.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या. खाली एखादा पाट ठेवला तरी चालतं.

ऊन, धूळ आणि प्रवास

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत दोन मॉनिटर जोडलेला लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, आणि जड काम सकाळी नाहीतर रात्री करा. कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नका, त्या हवेत ओल असते. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या शेतात सोयाबीनची रास चालू असेल तर खिडकी बंद. तो बारीक भुसा पंख्यात जाऊन बसतो आणि मग लॅपटॉप विनाकारण तापायला लागतो. दिवाळीच्या साफसफाईत एकदा दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून घ्या.

बाहेर नेताना मी दोन्ही मॉनिटर घरीच ठेवते. घरच्या टेबलावर हब कायम जोडलेला असतो आणि त्यातून एकच यूएसबी-सी वायर लॅपटॉपला लागते, म्हणजे निघताना एक वायर काढली की झालं. हब चार्जरमधले थोडे वॅट स्वतः घेतो, म्हणून लॅपटॉप ६५ वॅटचा असेल तर हबला त्याहून मोठा चार्जर द्या. परत आल्यावर तीच वायर लावली की विंडोज आधीची मांडणी आपोआप आणतं. लॉजवर किंवा दुसऱ्याच्या ऑफिसात वाय-फाय जोडताना 'पब्लिक' निवडा, घरी 'प्रायव्हेट'. बॅगेत दोन मीटर नेटची तार, यूएसबी-गिगाबिट अडॅप्टर, एक एचडीएमआय वायर, टिथरिंगसाठी मोबाइलची वायर आणि तीन पिनांचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावून ठेवलीय, टेबलाखाली वाकून शोधावं लागत नाही.